बुल ट्राउट की ब्रूक ट्राउट? अल्बर्टात गळ टाकणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकीज पर्वतरांगेच्या पूर्व उतारावरच्या ओढ्यांत एकाच डोहात दोन-तीन जातींचे ट्राउट सहज सापडतात. त्यातला एखादा घरी नेता येतो, दुसरा कुठल्याही परिस्थितीत नेता येत नाही, आणि पहिल्या नजरेत दोघांतला फरक कळत नाही. कॅलगरी-एडमंटनकडची मराठी मंडळी आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहायला येणारे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. किती मासे ठेवता येतात, किती लांबीचे, कोणत्या महिन्यात, हे आकडे इथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते नदीनिहाय वेगळे असतात आणि बदलतात. अल्बर्टाची नियमपुस्तिका १ एप्रिल ते ३१ मार्च अशा वर्षासाठी निघते. आकडे तिथेच बघायचे. माशाची ओळख मात्र पुस्तिका बदलली तरी तीच राहते.

ट्राउट आणि चार् गट यांत नेमका फरक काय?

नावावर जाऊ नका. ब्रूक ट्राउट, बुल ट्राउट आणि लेक ट्राउट यांच्या नावात ट्राउट असलं तरी ते तिघेही साल्व्हेलिनस म्हणजे चार् गटातले आहेत. रेनबो, कटथ्रोट आणि ब्राउन हे ट्राउट गटातले.

मासा हातात आला की आधी ठिपके बघा. अंग फिकट आणि त्यावर गडद ठिपके असतील तर तो ट्राउट. अंग गडद आणि त्यावर फिकट ठिपके असतील तर चार् गटातला. एवढं एक कळलं की निम्मं काम झालं. चार् गटातल्या माशांचे खवले इतके बारीक असतात की अंग बिनखवल्याचं वाटतं, आणि पोटाकडच्या परांची (फिन्सची) पुढची कड पांढरी असते. पांढरी कड रेनबोच्या परांनाही थोडीफार दिसते, म्हणून निर्णय ठिपक्यांवरून करा.

नियम जातीवर इतके का अडून बसतात? मासा तो मासा.

कारण जातीजातीची गत वेगळी आहे. बुल ट्राउट इथला मूळचा. त्याला थंड आणि स्वच्छ पाणी लागतं, आणि वयात यायलाच साधारण पाच ते सात वर्षं लागतात. शरद ऋतूत पाणी चांगलं गार झाल्यावर तो अंडी घालतो आणि ती अंडी हिवाळाभर गोट्यांखाली पडून असतात. अशा माशातले मोठे मासे दरवर्षी काढत गेलं की मागे अंडी घालणारं कुणी उरत नाही. शिवाय तो खादाड आहे, गळाला पटकन लागतो. पूर्वी लोक त्याला रद्दी मासा समजून काठावर फेकून देत असत. संख्या घसरत गेली आणि १९९५ मध्ये अल्बर्टाने बुल ट्राउट ठेवण्यावर सरसकट बंदी घातली. त्याच सुमारास तो प्रांताचा मानाचा मासाही ठरला. ती बंदी आजही लागू आहे: संपूर्ण प्रांतात मर्यादा शून्य.

बंदीचा उपयोग होतो का, असं विचारणाऱ्यांना मी कनानास्किसचं उदाहरण देतो. लोअर कनानास्किस तलावातून अंडी घालायला ओढ्यात चढणारे मोठे बुल ट्राउट १९९२ मध्ये जेमतेम साठच्या घरात उरले होते. मासा ठेवणं बंद झालं आणि २००० पर्यंत ही संख्या हजाराच्या वर गेली. त्यासाठी लोकांना एवढंच करावं लागलं, की मासा ओळखून परत सोडायचा.

ब्रूक ट्राउटची गोष्ट उलटी. तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हौसेने इकडच्या पाण्यात आणून सोडला. दोन-तीन वर्षांत वयात येतो, झपाट्याने वाढतो आणि बुल ट्राउटची जागा घेतो. म्हणून बऱ्याच पाण्यांत ब्रूक ठेवायला परवानगी असते. आणि म्हणूनच या दोघांत गल्लत झाली तर ती थेट बुल ट्राउटच्या जिवावर बेतते.

बुल आणि ब्रूक यांतला फरक कसा ओळखायचा?

पाठीवरचा पर बघा. इतर सगळं नंतर.

अल्बर्टात यासाठी एक घोषवाक्य प्रसिद्ध आहे. मराठीत मी ते असं सांगतो: पाठीच्या परावर काळं नाही, तर ठेवणं नाही. बुल ट्राउटच्या पाठीवरच्या परावर काळे ठिपके किंवा काळ्या रेघा नसतात. पर एकसारखा राखाडी-हिरवट, फार तर फिकट पिवळसर छटेचा. ब्रूक ट्राउटच्या त्याच परावर ठळक काळ्या नागमोडी रेघा असतात. मासा जाळीत, पाण्यातच ठेवून दोन बोटांनी पर हलकेच उभा करा. मिटलेल्या परावर काहीच दिसत नाही. उघडल्यावर ब्रूकच्या रेघा अशा उठून दिसतात की शंका उरत नाही. संध्याकाळी, झाडांच्या सावलीत, ओल्या अंगावर उजेड चमकत असेल तर टॉर्च लावून बघा. ही घाईची जागा नाही.

मग बाकीच्या खुणा ताडून घ्या. ब्रूकच्या पाठीवर किड्याने पोखरलेल्या लाकडासारखी नक्षी असते. बुलच्या पाठीवर ती नसते, सुटे फिकट ठिपके असतात. ब्रूकच्या कुशीवर लाल ठिपके आणि त्यांच्याभोवती निळं वलय असतं. बुलचे ठिपके फिकट पिवळे, नारिंगी किंवा गुलाबीसर, निळ्या वलयाशिवाय. पोटाकडच्या परांची पांढरी कड दोघांनाही असते, पण ब्रूकला त्या पांढऱ्या कडेला लागून काळी रेघ असते आणि बुलला ती नसते. माझ्या मते परानंतरची सगळ्यात भरवशाची खूण हीच. बुलचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि तोंड रुंद, शेपटीला किंचित खाच. ब्रूकची शेपटी जवळजवळ सरळ कापलेली. शेपटी आणि डोकं मात्र फक्त दुजोऱ्यापुरतं धरा, कारण लहान माशात हा फरक फारसा जाणवत नाही.

मग लेक ट्राउट बुलपासून वेगळा कसा ओळखायचा?

लेक ट्राउटच्या शेपटीला खोल खाच असते आणि फिकट, सायीच्या रंगाचे ठिपके अंगभर असतात, डोक्यावर आणि शेपटीवरसुद्धा. लाल किंवा नारिंगी ठिपका कुठेच नसतो. बुलच्या डोक्यावर आणि परांवर असे दाट ठिपके नसतात. लेक ट्राउट मुख्यतः खोल, थंड तलावांत राहतो. पहाडी ओढ्यात चार् गटातला मासा मिळाला तर तो लेक ट्राउट असण्याची शक्यता फार कमी, हेही लक्षात ठेवा.

रंगावरून ओळखता येत नाही का?

नाही. रंगानेच लोक सगळ्यात जास्त फसतात. पाणी गढूळ की नितळ, तळ काळा की वाळूचा, मासा तलावातला की ओढ्यातला, यावर रंग ठरतो. अंडी घालण्याच्या दिवसांत नराचं पोट भडक नारिंगी-लाल होतं. ब्रूकचं तर होतंच, बुलचंही होतं. तलावातून नुकताच चढलेला बुल उलट चंदेरी दिसतो, ठिपकेही पुसट. मोंटानात १९९० च्या दशकाच्या अखेरीस मासेमारांना मासे ओळखायला सांगितले, तेव्हा अर्ध्याहून जास्त जणांना बुल ट्राउट ओळखता आला नाही. ही सगळी नवशिकी मंडळी नव्हती.

मांसाच्या रंगाबद्दलही विचारलं जातं. दुकानातला आर्क्टिक चार् नारिंगी दिसतो, म्हणून नारिंगी मांस म्हणजे चार्, असं काही जण धरून चालतात. मांसाचा रंग खाण्यावर अवलंबून असतो. कोळंबीसारखे बारीक कवचधारी जीव किंवा मत्स्यशेतीतलं रंगद्रव्य घातलेलं खाद्य पोटात गेलं की मांस नारिंगी होतं. ते नसेल तर त्याच जातीचं मांस पांढरं.

रेनबो, कटथ्रोट आणि ब्राउन एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे?

ब्राउन सोपा. अंग पिवळसर-तपकिरी, काळे ठिपके मोठे, सोबत काही लाल ठिपके आणि त्यांच्याभोवती फिकट कडं. शेपटीवर ठिपके जवळजवळ नसतात. कॅलगरीतून वाहणाऱ्या बो नदीत ब्राउन भरपूर आहेत, पण ते मूळचे इथले नाहीत. १९२५ मध्ये बॅन्फकडे पिल्लं घेऊन निघालेली गाडी बिघडली आणि ती पिल्लं जगावीत म्हणून कॅरट क्रीकमध्ये सोडून दिली, अशी त्यांची कथा सांगतात.

रेनबोच्या शेपटीवर काळे ठिपके ओळीने पसरलेले असतात आणि कुशीवर गुलाबी पट्टा असतो. कटथ्रोटच्या खालच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाल-नारिंगी रेघ असते. ती बघायला मासा उलटा करावा लागतो, तेव्हा पाण्यातच करा. मोठ्या कटथ्रोटचा वरचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जातो. वेस्टस्लोप जातीच्या कटथ्रोटचे ठिपके शेपटीकडे दाट आणि डोक्याकडे विरळ असतात. अल्बर्टातला हा वेस्टस्लोप कटथ्रोट संकटग्रस्त प्रजातींच्या संघीय यादीत आहे, म्हणून कटथ्रोट ओळखता येणं बुल ट्राउट ओळखण्याइतकंच महत्त्वाचं आहे. जिभेच्या मागे असलेल्या बारीक दातांवरूनही कटथ्रोट ओळखतात, पण ती खूण अभ्यासकांसाठी. जिवंत माशाच्या घशात बोट घालू नका.

रेनबो आणि कटथ्रोट यांचा संकर होतो आणि त्या पिल्लांना पिल्लं होतात. जबड्याखाली पुसटशी नारिंगी रेघ दिसली तरी मासा कटथ्रोट समजून सोडून द्या.

बुल आणि ब्रूक यांचाही संकर होतो म्हणतात. मग काय करायचं?

होतो. दोघेही शरद ऋतूत अंडी घालतात, त्यामुळे एकाच ओढ्यात गाठ पडते. संकराच्या पिल्लांची पुढची पिढी सहसा होत नाही, म्हणजे बुल ट्राउटचा तो सगळा हंगाम वाया. संकराच्या माशाच्या पाठीच्या परावर पुसट, तुटक काळसर खुणा असतात. ना धड रेघा, ना धड कोरा पर. असा मासा तुम्हाला काठावर बसून ठरवता येणार नाही. सोडून द्या. ठेवण्यासाठी काळ्या रेघा ठळक आणि निःसंशय हव्यात.

टायगर ट्राउट हा ब्राउन आणि ब्रूक यांचा संकर. अंगभर वाघासारखे पट्टे. तो काही तलावांत मुद्दाम सोडतात आणि तो ओळखायला अवघड नाही.

वीतभर मासा असेल तर?

लहानपणी ट्राउट आणि चार् गटातल्या सगळ्याच माशांच्या कुशीवर उभे गडद डाग असतात. पाठीच्या परावरचा नियम तेव्हाही लागू पडतो, पण रेघा बारीक असतात आणि चुकण्याची शक्यता मोठी. वीतभर माशाने ताट भरत नाही. सोडून द्या.

मोबाइलवरच्या ॲपने मासा ओळखला तर चालेल का?

शिकायला चालेल. घरी बसून जुने फोटो ताडून बघा, मुलांना दाखवा. काठावर निर्णय घ्यायला नाही. ॲप बऱ्याचदा एकूण रंग आणि आकारावर अंदाज करतं, आणि तीच इथली फसवी बाजू. शिवाय नीट फोटो मिळेपर्यंत मासा हवेत धरून ठेवला जातो. मासा ओळखण्याची जबाबदारी परवानाधारकाची असते. ॲपने ब्रूक सांगितलं होतं, हे उत्तर फिशरी अधिकाऱ्यापुढे उपयोगाचं नाही.

ब्रूक बाहेरचा आहे, तर दिसेल तो मारावा का?

ज्या पाण्यात परवानगी आहे तिथे, मर्यादेत, आणि ओळख पक्की असेल तरच. कॅलगरीच्या नैर्ऋत्येला क्वर्क क्रीकवर मासेमारांकडूनच ब्रूक कमी करून घेण्याचा प्रयोग झाला, तेव्हा आधी मासे ओळखण्याची परीक्षा द्यावी लागत होती. अमेरिकेतल्या यलोस्टोन तलावात वेगळा नियम आहे: तिथे १९९४ मध्ये बाहेरून आलेला लेक ट्राउट सापडला, त्याने मूळच्या कटथ्रोटची वाताहत केली, आणि आता त्या तलावात पकडलेला लेक ट्राउट मारायचाच आणि कटथ्रोट सोडायचाच असा दंडक आहे. जो लेक ट्राउट तिथे उपरा, तोच अल्बर्टाच्या उत्तरेकडच्या तलावांत मूळचा रहिवासी. तेव्हा एका जागेचा नियम दुसरीकडे नेऊ नका.

सरसकट मारण्याने काय होतं याचा धडा अलास्काने घेतलेला आहे. डॉली व्हार्डन हा चार् गटातला मासा सामनची अंडी आणि पिल्लं खातो म्हणून १९२० आणि १९३० च्या दशकांत तिथे त्याच्या शेपटीमागे काही सेंट बक्षीस देत असत. लोक शेपट्या तारेत ओवून आणत. १९३९ मध्ये याकुटाट इथे जमा झालेल्या सुमारे २०,००० शेपट्या तपासल्या, तर बहुसंख्य शेपट्या कोहो सामनच्या निघाल्या, काही हजार रेनबोच्या, आणि डॉलीच्या फक्त दहाव्या हिश्श्याइतक्या. ज्या सामनला वाचवायचं म्हणून पैसे वाटले, त्याच सामनचा बळी गेला होता.

डॉली व्हार्डन आणि बुल ट्राउट एकच का?

१९७८ पर्यंत एकच समजत. त्या वर्षी शास्त्रज्ञांनी बुल ट्राउट ही वेगळी जात असल्याचं दाखवून दिलं. डॉली अल्बर्टातला मूळचा नाही, त्यामुळे इथे हा प्रश्न सहसा उरत नाही. जुन्या लोकांच्या तोंडी मात्र बुलला अजून डॉली म्हणणं ऐकू येतं. किनाऱ्याकडे, वॉशिंग्टन राज्यात, दोघे इतके सारखे दिसतात की नियमपुस्तिका दोघांना एकत्रच धरते. अलास्कात आर्क्टिक चार् आणि डॉली यांचंही तसंच.

माउंटन व्हाइटफिशला लोक ट्राउट का समजतात?

कारण तोही याच घराण्यातला, आणि पाठीचा पर व शेपटी यांच्यामधला छोटा मांसल पर (मेदपर) त्यालाही असतो. पण त्याचं तोंड अगदी लहान, खवले मोठे आणि स्पष्ट, अंग चंदेरी, ठिपके नाहीत. एकदा शेजारी ठेवून पाहिला की पुन्हा घोटाळा होत नाही.

मनालीत आम्ही ट्राउट खाल्ला होता. तोच का हा?

हॉटेलात मिळतो तो बहुधा रेनबो, मत्स्यशेतीतला. ब्राउन आणि रेनबो दोन्ही भारतात बाहेरून आले. इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास, काश्मीर, कुलू आणि निलगिरीत ते सोडले गेले. हिमालयातला स्नो ट्राउट मात्र ट्राउट नव्हेच. तो रोहू-कटल्याच्या कुळातला, आणि त्याला मेदपर नसतो. महाराष्ट्राच्या नद्यांचं पाणी ट्राउटसाठी फार उबदार, त्यामुळे गावाकडे मासेमारी केलेल्या माणसालाही ही ओळख इथे येऊन नव्यानेच करून घ्यावी लागते.

पुण्याहून आलेल्या बाबांना परवाना लागतो का? वय ६८ आहे.

लागतो. ६५ वर्षांवरची सवलत अल्बर्टाच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण मर्यादा आणि जातीचे नियम त्यांनाही लागू असतात. मुलाच्या गळाला बुल लागला तर तोही सोडायचा.

बॅन्फला किंवा सीमेपलीकडे गेलो तर?

बॅन्फ आणि जॅस्पर ही राष्ट्रीय उद्यानं आहेत. तिथे प्रांताचा परवाना चालत नाही, उद्यानाचा वेगळा घ्यावा लागतो. शिशाची छोटी वजनं तिथे वापरता येत नाहीत. अमेरिकेत, अलास्का वगळता, बुल ट्राउट १९९९ पासून सर्वत्र संघीय संरक्षणाखाली आहे. कुठे काही सवलत असेल तर ती त्या राज्याच्या पुस्तिकेत नदीच्या नावानिशी लिहिलेली असते. सिएटलकडच्या मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं: समुद्रात जाऊन आलेल्या रेनबोला स्टीलहेड म्हणतात, आणि तिथे जातीइतकाच मेदपर महत्त्वाचा. पैदास केंद्रातल्या पिल्लांचा मेदपर कापलेला असतो आणि तिथे भरलेल्या जखमेची खूण दिसते. मेदपर शाबूत असेल तर मासा जंगली, आणि तो सोडायचा.

मासा काठावरच साफ करून नेला तर चालेल का?

आतडी काढा, बर्फात ठेवा, पण कातडी काढू नका. घरी पोहोचेपर्यंत अधिकाऱ्याला जात आणि संख्या ओळखता आली पाहिजे. मी तर डोकं आणि परही तसेच ठेवायला सांगतो. आमटीसाठी तुकडे करायचे ते घरच्या ओट्यावर.

चुकून बुल ट्राउट लागला तर काय करायचं?

गळाला लागला यात गुन्हा नाही. ठेवला तर आहे. मासा फार दमवू नका, लवकर जवळ आणा. हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यांत बोटं घालून उचलू नका, गोट्यांवर आपटू देऊ नका. उलटा काटा नसलेला गळ असेल तर तो चिमट्याने क्षणात निघतो. असाच गळ वापरा. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, दोर तोंडाजवळ कापा. मग तोंड प्रवाहाकडे करून मासा दोन्ही हातांत सैल धरा आणि तो स्वतः जोर लावून निघेपर्यंत थांबा.

मासा मेलाच, तर? तरीही पाण्यातच सोडायचा. वाया जाईल म्हणून पिशवीत टाकला, तर तो ठेवलेला मासा धरला जातो. उन्हाळ्यात दुपारी पाणी तापलेलं असताना सोडलेले मासे जास्त दगावतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे जा आणि ऊन चढलं की गळ गुंडाळा.